झोळीतल्या माशा

माझ्या सासूबाई घरी माशा मारायच्या आणि मी कॉलेजात जाऊन माशा पाळायचे. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या हातात कायम वर्तमानपत्राची सुरळी असे आणि नेम असा, की माशीला उडायचा विचार करायलाही सवड मिळत नसे. तरी आमचं कधी वाजलं नाही, कारण दोघींनी एकमेकींच्या कामात कधी नाक खुपसलं नाही. फक्त एकदा माझ्या माशांसाठी मला त्यांचं लुगडं मागावं लागलं. त्या लुगड्याची ही हकिकत.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, साखर कारखान्याच्या रस्त्याला लागून असलेल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे. शिकवण्याबद्दल लिहायला बसले तर माजी विद्यार्थी भांडायला येतील, तेव्हा ते राहू द्या. मला सांगायचंय ते माझ्या हौसेच्या कामाबद्दल. माशी कशी विसरते, हा माझा विषय. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की समोरचा माणूस 'अस्सं, अस्सं' करत पंगतीकडे निघून जायचा.

तुमची पंगत बसायला अजून वेळ आहे, तेव्हा थोडं ऐकून घ्या. ही माशी घरातली नव्हे. पिकलेल्या केळ्यांवर बारीक चिलटं घोंगावतात ना, ती फळमाशी. तिचं डोकं खसखशीच्या दाण्याएवढं, पण तेवढ्यातही ती शिकते. काचेच्या नळीत माशा घ्यायच्या, एक वास सोडायचा आणि त्याच वेळी नळीतल्या तारेतून विजेचा अगदी बारीक चटका द्यायचा. मग दुसरा वास सोडायचा, त्याच्याबरोबर चटका नाही. नंतर माशांना एका फाट्यावर आणून सोडायचं. एका वाटेला पहिला वास, दुसऱ्या वाटेला दुसरा. ज्यांना आठवतंय त्या चटक्याचा वास टाळून पलीकडे पळतात. पुरेसा वेळ गेला, की निम्म्या इकडे जातात आणि निम्म्या तिकडे. म्हणजे विसरल्या.

पूर्वी वाटायचं, आठवण म्हणजे भिंतीवरचा चुना, ऊनवाऱ्यानं आपोआप उडतो. तसं नाही. विसरणं हेही काम आहे आणि त्या कामावर पेशीत गडी नेमलेले असतात. वर्गात मी लग्नाच्या मांडवाचं उदाहरण द्यायचे. माशी काही शिकली, की तिच्या मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना भेटतात तिथे नवी बांधाबांध होते. मांडव पडला. वऱ्हाडी अजून पानाला चुना लावताहेत तोच मंडपवाल्याची माणसं दोऱ्या सोडायला लागतात. रॅक नावाचं एक प्रथिन आहे, ते या दोऱ्या सोडतं. आणि त्याला हाकारणारा मुकादम म्हणजे डोपामिन नावाचं रसायन. गंमत अशी, की मांडव घालून घेणारा मुकादमही हाच असतो.

मला हे काम शिकवलं ते पुण्याच्या एका सरांनी. त्यांनीच मला दोन जातींच्या माशा दिल्या. एक साध्या, आणि दुसऱ्या अशा, की त्यांच्या मेंदूत रॅकचे हात बांधून ठेवलेले. त्यांचा मांडव लवकर उतरतच नाही. आमच्या प्रयोगशाळेत साध्यांना 'भोळ्या' म्हणायचे आणि दुसऱ्यांना 'हट्टी'. हट्टी माशा दुसऱ्या दिवसापर्यंत राग धरून बसायच्या. पण वासांची अदलाबदल करून नवं शिकवायला गेलं, तर त्या अडायच्या आणि भोळ्या पटकन शिकायच्या. जुना मांडव उतरला तर नवं लग्न लागणार.

ही बारशाची नावं शेवंताबाईंनी ठेवलेली. शेवंताबाई आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या आणि माशांचा स्वयंपाक करायच्या. मक्याचं पीठ, यीस्ट आणि कारखान्याची मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, एकत्र शिजवून बाटल्यांत ओतायची, गार झाली की माशा सोडायच्या. "लेकरं जेवली बाई," असं मला येऊन सांगायच्या. माशांना लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून परीक्षा अंधारात, लाल दिव्याखाली घ्यायची. त्यावरून मी काहीतरी करणी करते असा बोभाटा झाला होता. आमचे चेअरमन आप्पासाहेब एकदा डोकावून म्हणाले, "आमी जल्मभर राजकारण केलं, आमाला लाल दिवा न्हाई भेटला. बाईंच्या माशांला भेटला!"

आप्पासाहेब कारखान्याचे चेअरमन आणि आमच्या शिक्षणसंस्थेचेही अध्यक्ष. आमच्याकडे साखर आणि सरस्वती बहुधा एकाच माणसाच्या ताब्यात असतात. खोली त्यांनीच दिलेली, मळीही त्यांनीच. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा, फक्त दोन्ही एकाच दिवशी असतील याची खात्री नसे.

माशांच्या खोलीची कीर्ती पसरल्यावर लोक यायला लागले. कुणाला परीक्षेआधी पोरासाठी आठवणीचं औषध हवं, कुणाला मानपान चुकला म्हणून रुसलेल्या व्याह्याला विसरायचं औषध पाजायचंय. यात वडवणीकडचा दत्तू सगळ्यांत चिवट. त्यानं नेकनूरच्या बाजारातून एक म्हैस आणली होती आणि ती दावं तोडून तोडून जुन्या मालकाच्या दारात जाऊन उभी राहायची.

"बाई, कालबी गेलती," तो म्हणाला. "जुना मालक हसतोय मला. तिला इसरायचं कायतरी द्या."

"दत्तूभाऊ, मी माशांची बाई. म्हशीचं मला काय कळतंय?"

"माशीला जमतंय तर म्हशीला कावून न्हाई? म्हशीचं डोस्कं मोठं हाय."

मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

तर सगळं झकास, एकच पंचाईत. माझ्या भोळ्या माशा फारच भोळ्या होत्या. पुण्याला सकाळी शिकवलेल्या माशांना दुपारी बरंच आठवायचं. माझ्या माशा दुपारपर्यंत पाटी कोरी करून बसायच्या. भोळ्या आणि हट्टी यांतला फरक मोजायचा तर भोळ्यांना थोडंतरी आठवायला नको का? मी तारा बदलल्या, वासाच्या बाटल्या बदलल्या, स्वतःची पावडर लावायची सोडली. काही उपयोग झाला नाही. इकडे संस्थेत कुजबुज सुरू झाली, की ती खोली संगणकाच्या वर्गाला द्यावी.

मग दुष्काळ पडला. एक वर्ष कसंबसं ढकललं, दुसऱ्या वर्षी तळ्याची भेगाळलेली माती तेवढी उरली. ऊसच नाही तर गाळप कसलं? कारखान्याचं गेट बंद झालं. आमच्या रस्त्यावरून हंगामात ऊस भरलेल्या बैलांच्या टायरगाड्या आणि ट्रॉल्या जायच्या, एरवी साखरेचे ट्रक, त्या जागी आता नुसते टँकर, तेही कधीतरी. टोळ्या ऊसतोडीला कर्नाटकाकडे गेल्या, ढोरं चारा छावणीत गेली. दत्तूची म्हैसही गेली. कॉलेजात इतकी सामसूम, की व्हरांड्यातल्या चिमण्यांचा आवाज वर्गात शिकवणाऱ्याला अडवायचा.

उन्हाळ्यात माशा जगवणं कठीण. ऊन तापलं, की त्यांची पिलावळ थांबते आणि मग जातच नष्ट होते. आम्ही माशांच्या कपाटाला ओली गोणपाटं गुंडाळायचो. पण जिथं माणसं घागरी घेऊन टँकरची वाट बघताहेत तिथं माशांना पाणी कोणत्या तोंडानं मागायचं? मी आणि शेवंताबाई घरून भाज्या-डाळी धुतलेलं पाणी किटलीत घालून आणायचो. आत्याबाई ती किटली माझ्या हातात देताना म्हणायच्या, "घे, तुझ्या लेकरांचं न्हाणं." पण एक दिवसही त्यांनी ते पाणी वाया घालवलं नाही.

आणि त्याच भकास दिवसांत एका दुपारी, लाल दिव्याखाली, माझ्या भोळ्या माशा चटक्याचा वास टाळून जवळजवळ सगळ्या दुसऱ्या वाटेला पळाल्या. मला वाटलं, नळीच उलटी लागली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांना आठवत होतं! मी शेवंताबाईंचे दोन्ही हात धरून फुगडी घातली. त्या वयात आणि त्या देहाला फुगडी शोभत नव्हती, पण बघायला होतं कोण?

आता शास्त्रज्ञानं विचारायला हवं, की बदललं काय. मी विचारलं आणि मला लगेच उत्तर सापडलं. कारखाना बंद म्हणून मळी नाही, म्हणून आम्ही वाण्याचा गूळ वापरत होतो. म्हणजे गूळ! मी पुण्याच्या सरांना फोन करून गुळाचे पोवाडे गायले. सर म्हणाले, "हंगामाच्या सुमाराला येऊन बघतो." आप्पासाहेबांनाही ते कळलं. ते मला म्हणाले, "तुमच्या सरांनी माशा बगून चांगलं म्हणलं तर खोली तुमची. न्हाई तर संगणक आला समजा. मग माझ्यावर रुसायचं न्हाई."

मला रुसायचं नव्हतं, मला खोली हवी होती. दुसरीकडे कुठे मला कुणी माशा पाळू देणार होतं?

पुढच्या वर्षी पाऊसकाळ चांगला झाला, ऊस उभा राहिला आणि दिवाळीच्या सुमाराला कारखान्यानं पुन्हा हंगाम धरला. बॉयलर पेटला, उसाची पहिली मोळी गाळपाच्या गव्हाणीत पडली, भोंगा वाजला तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली होती. पेढे वाटले. हॉटेलवाल्यानं भज्यांचा पहिला घाणा फुकट वाटला. मीही दोन भजी खाऊन आनंदात खोलीत आले आणि सकाळच्या माशा तपासल्या. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि खाणं तर अजून गुळाचंच होतं! सर आठवड्याभरात येणार. माझे गुळाचे पोवाडे मला रात्रंदिवस ऐकू यायला लागले. शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, संगणकाला काय खायाला लागतं?" त्यांना स्वतःच्या नोकरीचं कोडं पडलं होतं. मला हसू आलं आणि मी पुन्हा एकदा तारा तपासायला घेतल्या.

त्या संकटात दत्तू दारात उभा राहिला. हातात पितळी डबा, डब्यात खरवस.

"व्याली बाई, म्हैस! अन् आता जात न्हाई तिकडं. समदं इसरली."

"कशी काय?"

"छावणीत व्हती की. चार गावची ढोरं, निस्ता गोंधळ. रोज नवा गडी, नवी दावण, रेटारेटी. परत आली तर थेट माझ्याच गोठ्यात शिरली. जुन्या मालकाच्या दारावरून आणली बरं, मान वर करून बगितलं न्हाई तिनं."

खरवसाचा पहिला घास तोंडात असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हैस म्हणजे माशी नव्हे, एवढं मलाही कळतं. पण मीच वर्गात शिकवलेलं मला त्या घासासरशी आठवलं. माशी जागी असली, हलत-धावत असली, की डोपामिनचा मुकादम ओरडत राहतो आणि मांडव भराभर उतरतो. माशी निवांत पडली, झोपली, की मुकादम गप्प होतो आणि मांडव उभा राहतो. दुष्काळात माझ्या खोलीत काय बदललं होतं? नुसता गूळ नव्हे. रस्ता थांबला होता! मी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. बाहेरून उसाची ट्रॉली गेली आणि ग्लासातलं पाणी थरथरलं. दिवसभर हेच. टेबल हादरतंय, बाटल्या हादरताहेत, माशांचा डोळाच लागत नाही. बिचाऱ्या विसरणार नाहीत तर काय करणार?

निदान झालं, औषध काय? कारखाना तर बंद करता येणार नव्हता, आणि खरं सांगते, करता आला असता तरी मी केला नसता. बाटल्यांखाली उशा घालून पाहिल्या, फोम घालून पाहिला. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

डोकं शिणलं म्हणून मी कारखान्याच्या रस्त्यानं चालत सुटले. वजनकाट्यापुढे टायरगाड्यांची रांग लागलेली, बैलांच्या घंटा, ट्रॅक्टरवर गाणी, मध्येच भोंगा. आणि एका गाडीखाली, आसाला बांधलेल्या झोळीत, एक तान्हं बाळ तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं. शेजारच्या ट्रॉलीनं जमीन हादरली की झोळी किंचित हलायची, बाळ आणखीच सैलावायचं. मी वाकून बघायला लागले, तशी त्याची आई म्हणाली, "हात नका लावू बाई. उटला तर तुमालाच सांबाळावं लागंल, मला मोळ्या उतरायच्यात."

मी हात लावला नाही. मी जवळजवळ पळतच घरी आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "तुमचं एखादं जुनं लुगडं द्या. झोळी बांधायचीय."

त्यांचा चेहरा असा फुलला, की मला खुलासा करावा लागला. "माशांसाठी, आत्याबाई."

"माझ्या लुगड्यात माशा?" त्यांनी हातातली सुरळी खाली ठेवली. मग पेटीतून एक हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं. "ह्यात तुझा नवरा निजायचा. जपून वापर. चटके बिटके देऊ नको ह्यात."

खोलीतला पंखा उतरवून त्याच्या कडीला आम्ही झोळी बांधली. गाठ शेवंताबाईंनी मारली. शिकवून झालेल्या माशांच्या बाटल्या अलगद आत ठेवल्या. बाहेरून गाडी गेली, टेबलावरचा ग्लास थरथरला, झोळी नुसती मंद झुलली. भिंगातून पाहिलं तर माशा बाटलीच्या कडेला गप्प बसलेल्या. बातमी कॉलेजभर पसरली. पोरी येऊन झोका देऊन जायला लागल्या, शेवटी मी दाराला कडी लावली.

सर आले त्या सकाळी भोळ्या माशांचे दोन गट शिकवले. एक टेबलावर ठेवला, एक झोळीत. शेवंताबाईंनी कुणालाही न विचारता घुगऱ्या शिजवून आणल्या होत्या. "झोळी बांधली म्हंजे बारसं आलंच की," त्या म्हणाल्या. सरांनी पुण्याच्या पद्धतीनं विचारलं, "हा प्रयोगाचा भाग आहे का?" आणि दोनदा मागून घेतल्या. जेवणं झाल्यावर आप्पासाहेब थेट कारखान्यावरून आले, कपाळाला पूजेचं कुंकू तसंच. बाहेर रस्ता धडधडत होता. मी लाल दिवा लावला.

आधी टेबलावरच्या माशा फाट्यावर सोडल्या. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. आप्पासाहेबांनी घसा खाकरला, ते खाकरणं मला संगणकासारखं ऐकू आलं. मग झोळीतल्या सोडल्या. क्षणभर त्या फाट्यावर घुटमळल्या, माझा जीव तिथंच घुटमळला, आणि मग एकीमागून एक चटक्याचा वास टाळून दुसऱ्या वाटेला गेल्या. शेवंताबाईंनी तोंडावर पदर धरला.

सर खूप वेळ दोन्ही नळ्या बघत राहिले. "माशी निवांत राहिली की आठवण टिकते, हे आम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. "पण त्यासाठी आम्ही फार महागडी यंत्रं वापरतो. ह्या झोळीचा मला फोटो काढून द्या."

"म्हंजे," आप्पासाहेब लाल उजेडात पुढं सरकले, "माझा कारखाना चालू हाय म्हनून ह्या टेबलावरच्या माशा इसरल्या?"

मी म्हटलं, "होय आप्पा. कारखाना बंद होता तेव्हा सगळं आठवत होतं."

मला वाटलं, गेली खोली. आप्पासाहेब स्टुलावर बसले आणि टेबलावरच्या माशांच्या नळीकडे बघत, त्यांच्या मानानं फार हळू आवाजात म्हणाले, "बाई, माजं तेच झालतं. सालभर गेट बंद. वसरीवर बसून ऱ्हायचो. कोन दारात आलं, काय बोललं, कोनाचं पोर रडत व्हतं, समदं आठवायचं. एक शबुद इसरत नव्हतो. डोळ्याला डोळा न्हाई." मग त्यांनी मान वर केली. "अन् काल काट्यावर एक जन म्हनतो, आप्पा, मी तवा शिवी दिलती, माफ करा. मला आठवंचना की! कोनती शिवी? कवा?" आणि ते खदाखदा हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्ही सगळेच हसत होतो. सरांना निम्मं कळलं नसावं, तेही हसत होते.

"खोली ऱ्हाऊ द्या बाईंला," जाताना आप्पासाहेब कुणाला तरी म्हणाले. संगणकाला पुढे वरच्या मजल्यावर जागा मिळाली, तिथं वाराही चांगला येतो.

पुढे बरंच काम झालं, मुली शिकून बाहेर पडल्या. एका मे महिन्यात वीज गेली ती आलीच नाही आणि हट्टी माशांची जात संपली, ती हळहळ अजून आहे. आत्याबाईंनी झोळी बघायला यायचं अनेकदा ठरवलं आणि एकदा खरंच आल्या. हातातली सुरळी बाहेर शिपायाकडे ठेवून आत शिरल्या, लुगड्याचा काठ चाचपला आणि एक हलका झोका दिला.

निवृत्त होईपर्यंत मी एक रिवाज पाळला. गव्हाणीत पहिली मोळी पडायची त्या दिवशी भोळ्या माशांची एक बाटली मी मुद्दाम झोळीत न ठेवता टेबलावर ठेवायचे. रस्ता हादरायला लागायचा, ग्लासातलं पाणी थरथरायचं. दुपारी त्या माशा फाट्यावर सोडायच्या. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे गेल्या, की मी दारातून ओरडायचे, "शेवंताबाई, विसरल्या!" आणि शेवंताबाई घुगऱ्या शिजत टाकायच्या.